बाळासाठी उठावाच्या विणीचं ब्लँकेट: नवशिक्यांचे नेहमीचे प्रश्न

ही उत्तरं दोन सुयांवरच्या विणकामाची आहेत, क्रोशाची नाहीत. मापं सेंटिमीटरमध्ये, सुया मिलिमीटरमध्ये. हवेत बोलायला नको म्हणून साधारण ७५ बाय ७५ सेंटिमीटरचं एकच ब्लँकेट समोर ठेवलं आहे आणि पुढचे सगळे आकडे त्याचेच आहेत.

मला फक्त सुलट आणि उलट टाका येतो. एवढ्यावर भागेल?

भागेल. टाके घालणं, सुलट, उलट आणि टाके बंद करणं या चार गोष्टी आल्या की या ब्लँकेटला पाचवं काही लागत नाही. सुलट टाका समोरून इंग्रजी ‘व्ही’सारखा सपाट दिसतो, उलट टाका आडव्या गाठीसारखा वर येतो. मुळात दोन्ही एकच. सुलट टाक्याची मागची बाजू म्हणजेच उलट टाका. सपाट आणि उंच टाके कुठे ठेवायचे एवढं ठरवलं की कापडावर उठाव येतो. ना केबल (टाके एकमेकांवरून ओलांडून होणारा पीळ), ना जाळी, ना कुठे टाके वाढवायचे-घटवायचे.

नवशिक्यांना पहिल्यांदा मफलर विणायला सांगायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. मफलर अरुंद आणि लांबलचक, त्यामुळे सारखं काम उलटवावं लागतं आणि निम्म्यावर कंटाळा येतो. ब्लँकेटची ओळ लांब असते, हाताला लय सापडते. शिवाय ते कुणाच्या अंगावर बसवायचं नसतं. दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तर कुणी टेप घेऊन मोजायला येत नाही.

मग एक ओळ सुलट, एक ओळ उलट असंच सगळं विणलं तर?

कापड गुळगुळीत आणि देखणं होईल, पण चारी बाजूंनी गुंडाळलं जाईल. बाजूच्या कडा मागे वळतात, वरची आणि खालची कड पुढे येते. सुलट आणि उलट टाक्यांचा ताण वेगवेगळ्या दिशेचा असतो. एका बाजूला सगळे सुलटच आले की तो ताण तोलला जात नाही. धुऊन, टाचण्या लावून वाळवलं तरी ही खोड पूर्ण जात नाही. उठावाच्या विणीत दोन्ही टाके मिसळलेले असतात, म्हणून ती सपाट पडते. नवशिक्यासाठी ती निवडायचं खरं कारण हे आहे, शोभा नंतर.

सर्वांत सोपी वीण कोणती?

सगळ्या ओळी सुलट, म्हणजे गार्टर. आडव्या वळ्या येतात, कापड जाड आणि लवचीक होतं, दोन्ही बाजू सारख्या दिसतात. चूक झाली तर चटकन कळत नाही, हा तिचा फायदाही आणि तोटाही.

त्यापुढची पायरी दाणेदार वीण, म्हणजे सीड स्टिच. एक सुलट, एक उलट, आणि पुढच्या ओळीत सुलट दिसणाऱ्या टाक्यावर उलट, उलट दिसणाऱ्यावर सुलट. फार सुंदर दिसते, पण प्रत्येक टाक्याला धागा पुढे-मागे करावा लागतो. अख्खं ब्लँकेट या विणीत करायला घेतलेल्या बऱ्याच जणी मध्येच सोडून देतात. ती काठापुरती ठेवावी.

मधल्या भागासाठी माझं मत चौकड्याच्या विणीला. पाच टाके सुलट, पाच उलट, सहा ओळींनंतर अदलाबदल. बुद्धिबळाच्या पटासारखे सपाट आणि उंच चौकोन दिसतात. दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं, त्यामुळे ब्लँकेटला ‘मागची बाजू’ राहत नाही. आणि चूक झाली तर चौकोनाची कड तुटलेली लगेच दिसते.

नेमकं कसं विणायचं ते सांगा.

१६५ टाके घाला.

खालचा काठ: ८ ओळी दाणेदार वीण. टाक्यांची संख्या विषम आहे, म्हणून प्रत्येक ओळ सारखीच: एक सुलट, एक उलट, असं करत शेवटचा टाका सुलट.

मधला भाग: प्रत्येक ओळीत सुरुवातीचे ५ आणि शेवटचे ५ टाके काठाचे. ते कायम सुलट, उलट, सुलट, उलट, सुलट. त्यात बदल नाही. मधल्या १५५ टाक्यांचे पाच-पाचचे ३१ चौकोन होतात.

पहिली ओळ: काठाचे ५, मग ५ सुलट, ५ उलट असं आलटून पालटून, शेवटचा चौकोन ५ सुलट, काठाचे ५.

दुसरी ओळ: काठाचे ५, मग ५ उलट, ५ सुलट असं करत शेवटी ५ उलट, काठाचे ५.

या दोन ओळी आणखी दोनदा. सहा ओळींचा एक चौकोन झाला.

सातवी ओळ: काठाचे ५, मग सुरुवात ५ उलटने, शेवटही ५ उलट, काठाचे ५.

आठवी ओळ: काठाचे ५, मग ५ सुलट, ५ उलट, शेवटी ५ सुलट, काठाचे ५.

याही दोन ओळी आणखी दोनदा. अशा १२ ओळींचा एक फेरा.

असे १७ फेरे विणा आणि वर पहिल्या सहा ओळी पुन्हा एकदा घ्या, म्हणजे वर-खाली सारखा चौकोन येतो. मग परत ८ ओळी दाणेदार वीण आणि टाके बंद. एकूण २२६ ओळी होतात.

हे सगळं लक्षात कसं ठेवायचं? प्रत्येक ओळीला कागद बघावा लागतो.

सुरुवातीला बघा. पण तिसऱ्या-चौथ्या ओळीनंतर कागद बाजूला ठेवून सुईकडे बघायचा प्रयत्न करा. मधल्या भागात नियम एकच: समोर सुलट दिसतोय तर सुलट विणा, उलट दिसतोय तर उलट. दर सहा ओळींनी एकदाच हा नियम फिरवायचा.

टाका ओळखायचा कसा? डाव्या सुईवरच्या टाक्याच्या मुळाशी बघा. सुईला लागून आडवी पट्टी त्याच्या गळ्याभोवती आली असेल तर तो उलट. पट्टी नसेल, दोन पाय खाली जाऊन ‘व्ही’ होत असेल तर सुलट. दिव्याखाली, फिकट रंगाच्या धाग्यावर हे पाच मिनिटांत जमतं. गडद रंगावर तासभर डोळे फोडले तरी दिसत नाही. हे एकदा जमलं की पुढची निम्मी उत्तरं वाचायची गरज उरत नाही. आपण कुठे आहोत हे कापडच सांगतं, आणि मध्येच कुणी हाक मारून उठवलं तरी परत आल्यावर गोंधळ होत नाही.

किती ओळी झाल्या हे मोजायला यंत्र हवं का?

नको. चौकोनात एकावर एक ‘व्ही’ मोजा. सुईवरचा टाकाही धरा. सहा झाले की बदला. फेरे मोजायला वहीत रेघ मारली तरी पुरे.

धागा कोणता घ्यावा?

नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथेच चुकीच्या ठिकाणी जातो. दुकानात हात जातो तो फुलाफुलांच्या, मखमली, केसाळ धाग्याकडे. पहिल्या कामाला तो घेऊ नका. त्यात टाका दिसत नाही, उसवताना केस एकमेकांत अडकतात, आणि उठाव तर त्या केसांत पूर्ण बुडून जातो. चौकोन विणूनही दिसणारच नसतील तर मेहनत कशासाठी? रंगीबेरंगी छटांचा धागाही तसाच, रंग नजर ओढून घेतो आणि वीण लपते. गुळगुळीत, गोल पिळाचा, एकरंगी, फिकट धागा घ्या.

आता तंतू. ॲक्रिलिक हलकं, मशीनमध्ये धुता येणारं आणि सहज मिळणारं. आपण सगळे त्यालाही लोकरच म्हणतो. मऊपणात फार फरक असतो, म्हणून ‘बेबी’ लिहिलंय तेवढ्यावर न जाता धागा गळ्याला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघा. बोटांची कातडी राठ असते, तिला टोचणं कळत नाही. ॲक्रिलिक उष्णतेने वितळतं, म्हणून आगीजवळ आणि इस्त्रीखाली नको.

खरी लोकर ऊब उत्तम देते, दमट झाली तरी गार लागत नाही आणि सहज पेट घेत नाही. मेरिनो बारीक तंतूची असल्याने टोचत नाही. मात्र साधी लोकर गरम पाण्यात आणि घुसळण्यात आकसून नमद्यासारखी घट्ट होते. बाळाचं ब्लँकेट आठवड्याला धुवायचं असतं, तेव्हा लोकर घ्यायची तर सुपरवॉश घ्या. तिच्या तंतूंवर प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे ती आकसत नाही. उलट भिजली की सैल होऊन लांब होते.

सुती धागा अंगाला छान लागतो, पण जड असतो आणि त्याला लवचीकता नसते. विणताना हात लवकर दुखतात, टाके एकसारखे येत नाहीत. दुसऱ्या ब्लँकेटला जरूर घ्या. सूत आणि ॲक्रिलिक मिसळलेला धागा हा बरा मधला मार्ग.

मोहेरसारखे केस सुटणारे धागे आणि जरीचे धागे लहान बाळासाठी नकोतच. सुटलेले केस नाका-तोंडात जातात.

किती धागा लागेल?

ग्रॅमवर जाऊ नका, मीटर बघा. सारख्याच जाडीच्या १०० ग्रॅम ॲक्रिलिकमध्ये जवळपास ३०० मीटर असू शकतात आणि सुतात जेमतेम २०० ते २२० मीटर. वरच्या ब्लँकेटला डीके (डबल निटिंग, म्हणजे मध्यमाहून थोड्या बारीक) जाडीचा धागा साधारण ६५० ते ७०० मीटर लागतो. त्यावर एक गुंडा जास्त घ्या.

गुंड्यांच्या कागदावर लॉट नंबर छापलेला असतो. सगळ्या गुंड्यांवर तो एकच हवा. रंगाचं नाव तेच आणि लॉट वेगळा असेल तर दुकानातल्या उजेडात फरक कळत नाही, विणून पसरल्यावर पट्टा उठून दिसतो. एकाच लॉटचा पुरेसा धागा मिळालाच नाही तर दोन लॉटचे गुंडे दोन-दोन ओळी आलटून पालटून वापरा. फरक विरघळून जातो.

सुया कुठल्या? आणि नंबरचा घोळ काय आहे?

डीके धाग्याला ४ मिलिमीटरची सुई. मिलिमीटरच बघा, कारण नंबर दोन पद्धतींचे आहेत आणि ते एकमेकांच्या उलट चालतात. जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन पद्धतीत जाड होते. ब्रिटिश ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, अमेरिकन ८ नंबर म्हणजे ५. नमुना एका पद्धतीचा आणि सुई दुसऱ्या पद्धतीची असं झालं तर ब्लँकेट भलत्याच मापाचं होतं.

सुई ८० सेंटिमीटरची गोल घ्या, म्हणजे दोन टोकं लवचीक केबलने जोडलेली. गोल विणायचं नाही, तरीही. लांब सरळ सुयांवर १६५ टाके दाटीवाटीने बसतात, टोकाचे निसटतात आणि सगळं वजन मनगटावर येतं. गोल सुईत टाके मधल्या केबलवर पसरतात, वजन मांडीवर राहतं. ओळ संपली की काम उलटवून परत विणत यायचं, सरळ सुयांसारखंच. केबल कडक असेल आणि सारखी वळत असेल तर मिनिटभर गरम पाण्यात बुडवा, सरळ होते.

लाकडी किंवा बांबूच्या सुईवर टाके घसरत नाहीत, म्हणून पहिल्या कामाला त्या बऱ्या. धातूची सुई वेगवान, पण टाकेही तितक्याच वेगाने सुटतात.

आधी नमुन्याचा तुकडा विणायलाच हवा का?

ब्लँकेटसाठी टाळला तरी आभाळ कोसळत नाही. पण टाळू नये, आणि कारण मापापेक्षा धाग्याचं आहे. हात सैल असेल तर धागा जास्त जातो आणि शेवटचा काठ राहिलेला असताना गुंडा संपतो.

३५ टाके घाला आणि सात चौकोनांची चौकड्याची वीण ३६ ओळी विणा. धुवा, वाळवा, मग मधल्या भागात १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसले ते मोजा. डीकेला साधारण २२ अपेक्षित आहेत. २४ आले तर १६५ टाक्यांचं ब्लँकेट ६९ सेंटिमीटरच्या आसपास येईल, २० आले तर ८२ च्या पुढे. चालणार असेल तर तसंच पुढे जा. नसेल तर सुई अर्ध्या मिलिमीटरने बदला. हात ‘मुद्दाम सैल’ किंवा ‘मुद्दाम घट्ट’ ठेवून विणायचा प्रयत्न करू नका. दहा ओळींनंतर हात आपल्या मूळ सवयीवर येतो आणि ब्लँकेट मध्येच रुंद होतं.

टाके घालताना धागा संपतो, नाहीतर खूप उरतो.

दोन बोटांवर धागा घेऊन टाके घालायच्या पद्धतीत शेपटी आधी अंदाजाने सोडावी लागते. होणाऱ्या रुंदीच्या तिप्पट आणि वर एक वीत, असं धरा. आपल्या ७५ सेंटिमीटरला अडीच मीटर. दर २० टाक्यांनी रंगीत दोऱ्याची गाठ सुईत अडकवत जा, म्हणजे १४३ ला कुणी बोललं तर पुन्हा एकपासून मोजायला लागत नाही.

टाके सैल घाला. खालची कड आवळली तर ब्लँकेट तळाशी चुणलेलं राहतं आणि धुऊनही सुटत नाही. हात घट्ट असेल तर टाके ४.५ किंवा ५ च्या सुईवर घालून पहिली ओळ ४ च्या सुईने विणा. पहिली ओळ सगळ्यांनाच किचकट जाते, त्यावरून विणकामाचं मत बनवू नका.

१६५ टाके घातले होते, आता १७१ आहेत. कुठून आले?

दोनच जागा तपासा.

एक, ओळीची सुरुवात. काम उलटवल्यावर धागा सुईवरून मागे ओढला गेला तर पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर येतात आणि ते दोन टाके दिसतात. तुम्ही दोन्ही विणता, एक वाढतो. धागा खाली, सुईच्या पुढे ठेवून मगच पहिला टाका बघा.

दोन, सुलट-उलटची अदलाबदल. उलट टाक्यासाठी धागा पुढे हवा, सुलटसाठी मागे. तो दोन सुयांच्या मधून न्यायचा. सुईवरून गेला तर तिथे एक वेढा बसतो, पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो आणि खाली छोटं भोक राहतं. चौकड्याच्या विणीत एका ओळीत चाळीस वेळा धागा पुढे-मागे होतो, तेव्हा हे होणारच. पहिल्या आठवड्यात प्रत्येक ओळीनंतर निदान पाचाचे गट मोजून घ्या.

वेढा लगेच दिसला तर तो सुईवरून खुशाल सोडून द्या. तेवढाच जास्तीचा धागा शेजारच्या टाक्यांत मुरतो.

टाका निसटला आणि खाली शिडी पडली. सगळं उसवू?

अजिबात नाही. आधी त्या सुटलेल्या फासात सेफ्टी पिन अडकवा, म्हणजे तो आणखी खाली जाणार नाही. मग क्रोशाची सुई घ्या. फास सुईवर, त्याच्या मागे शिडीची सगळ्यात खालची आडवी पायरी. पायरी सुईने धरून फासातून पुढे ओढा. झाला एक सुलट टाका. पुढची पायरी, पुढचा टाका, असं वर या. उलटच्या चौकोनात टाका सुटला असेल तर काम फिरवा आणि मागच्या बाजूने हेच करा, तिकडून तो सुलटच दिसतो.

हीच युक्ती जुन्या चुकीलाही चालते. आठ ओळी खाली एकच टाका सुलटऐवजी उलट विणलाय? वर नेमक्या त्याच टाक्यापर्यंत विणत या, तो एकटा सुईवरून सोडा, चुकीपर्यंत खाली उतरवा आणि नीट करून वर आणा. पहिल्यांदा करताना श्वास रोखला जातो, पण शेजारचे टाके हलत नाहीत.

पूर्ण ओळच चुकली असेल तर उसवण्याला पर्याय नाही. यासाठी दर फेऱ्याला दुसऱ्या रंगाचा बारीक गुळगुळीत दोरा सुईने सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. उसवताना काम त्या दोऱ्यावर येऊन थांबतं.

माझे सुलट टाके पिळलेले दिसतात.

बहुतेक उलट ओळीत धागा चुकीच्या दिशेने गुंडाळला जातोय. सुईवर बसलेल्या प्रत्येक टाक्याचा उजवा पाय तुमच्या बाजूला असायला हवा. डावा पाय पुढे असेल तर उलट टाक्याला धागा विरुद्ध बाजूने फिरवून बघा.

धागा उजव्या हातात धरू की डाव्या?

ज्यात ताण एकसारखा राहतो त्या हातात. डाव्या हातात धरणाऱ्यांना सुलट-उलटची अदलाबदल थोडी वेगाने जमते. पण मध्येच पद्धत बदलू नका, विणीची घट्टता बदलते. डावखुऱ्यांनीही आधी नेहमीच्याच दिशेने विणून पाहावं. काम दोन्ही हातांचं आहे, आणि मग कुठलाही नमुना उलटा करून वाचावा लागत नाही.

नवा गुंडा कुठे जोडायचा? गाठ मारली तर काय बिघडतं?

गाठ बाळाच्या अंगाला टोचते आणि धुण्यात सुटते. सुटली की तिथून टाके उकलायला लागतात. जोड ओळीच्या सुरुवातीला घ्या: जुन्या धाग्याची १५ सेंटिमीटर शेपटी सोडा, नव्याची तेवढीच, आणि नव्याने विणायला लागा. पहिले एक-दोन टाके सैल वाटतील, शेपट्या हलक्या ओढून धरा.

एका ओळीला रुंदीच्या साधारण साडेतीन पट धागा जातो, म्हणजे इथे पावणेतीन मीटरच्या आसपास. गुंड्यात चार पट उरला नसेल तर नवी ओळ त्यावर सुरू करू नका.

शेवटी या शेपट्या बोथट टोकाच्या, मोठ्या नेढ्याच्या सुईने आत दडवायच्या. उलट टाक्यांच्या गाठींमधून एका दिशेने चार-पाच सेंटिमीटर, मग वळून परत. एकाच दिशेला दडवलेली शेपटी धुण्यात सरकून बाहेर येते. हे काम कुणालाच आवडत नाही, पण बाळाच्या ब्लँकेटमध्ये इथे आळस नको. सुटा धागा बोटाला गुंडाळला जाऊ शकतो आणि ते पटकन लक्षात येत नाही.

किती दिवस लागतील?

१६५ टाके गुणिले २२६ ओळी म्हणजे ३७ हजारांहून थोडे अधिक टाके. मिनिटाला १५ टाके पडत असतील तर साधारण ४१ तास. रोज एक तास बसलं तर सहा आठवडे. सुरुवातीला वेग याहून कमी असतो, पुढे वाढतो. बाळ येण्याची तारीख ठरलेली असेल तर मागे मोजून सुरुवात करा, नाहीतर ६० बाय ६० करा. त्याला १३५ टाके आणि १७८ ओळी, म्हणजे काम एक तृतीयांशाहून जास्त कमी.

सलग तासन्‌तास विणू नका. अर्ध्या तासाने सुया खाली ठेवून बोटं आणि मनगटं मोकळी करा. अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर दोन दिवस सुट्टी घ्या. आणि ओळ अर्धी सोडून उठू नका, परत आल्यावर दिशा चुकते.

टाके बंद करताना वरची कड आवळली जाते.

उजव्या हातात एक माप जाड सुई घ्या. बंद करतानाही दाणेदार वीण चालू ठेवा: सुलटवर उलट, उलटवर सुलट विणून मागचा टाका पुढच्यावरून ओढायचा. सगळे सुलट विणून बंद केले तर वर साखळीसारखी कड दिसते आणि खालच्या कडेशी जुळत नाही. बंद करायला तीन-साडेतीन मीटर धागा राखून ठेवा.

धुणं आणि वाळवणं कसं?

द्यायच्या आधी एकदा धुवाच. टाके एकमेकांत बसतात, उठाव मोकळा होतो, हाताचा मळ निघतो. ३० अंशांपर्यंतचं कोमट पाणी, सौम्य साबण. ओलं ब्लँकेट एका कोपऱ्याला धरून उचलू नका, स्वतःच्या वजनाने लांबतं. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मग कोरड्या टॉवेलवर सपाट पसरून कडा हाताने सरळ करा. दोरीवर टाकू नका.

उठावाच्या विणीवर इस्त्री कधीच नाही. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री पडली की तंतू मरतात, कापड लुळं पडतं आणि ते परत येत नाही.

ब्लँकेट भेट देणार असाल तर गुंड्याचा कागद सोबत द्या. कागदावरच्या खुणांमध्ये टबात हात दाखवला असेल तर हाताने धुवा, टब खोडलेला असेल तर पाण्यात नको, खोडलेला त्रिकोण म्हणजे ब्लीच नको. नव्या आईबापांना हे शोधत बसायला वेळ नसतो.

बाळाला हे पांघरून झोपवता येईल?

एक वर्षाच्या आत नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सचा सल्ला आहे की तान्ह्या बाळाच्या झोपायच्या जागी सुटं पांघरूण, उशी, मऊ खेळणी काही नको, कारण ते तोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो. हाताने विणलेलं आहे, हवा खेळते, म्हणून ते चालतं असा समज असतो. तो धरू नका.

मग उपयोग काय? भरपूर आहे. बाळ जागं असताना मांडीवर घ्यायला, जमिनीवर पालथं खेळवायला, बाबागाडीत नजरेसमोर पायांवर टाकायला. गाडीच्या सीटमध्ये पट्टे आधी अंगाला लावून मग वरून टाका, पट्ट्यांच्या खाली कधीच नाही.

झालर, गोंडे, मणी, बटणं, रिबिनी लावू नका. कितीही गोंडस दिसल्या तरी ओढल्या जातात आणि तोंडात जातात.

मोजायचं काहीच नको असेल तर आणखी सोपं काही आहे?

कोपऱ्यातून कोपऱ्याकडे विणलेलं गार्टर ब्लँकेट. ४ टाके घालून सुरू करा. प्रत्येक ओळ: २ सुलट, धागा सुईवरून घेऊन एक वेढा, उरलेले सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो आणि त्रिकोण मोठा होतो. त्रिकोणाची आखूड बाजू हवी तेवढी झाली की कमी करायला लागा: १ सुलट, २ टाके एकत्र, एक वेढा, २ टाके एकत्र, बाकी सुलट. ४ उरले की बंद. मापाचा तुकडा नको, टाक्यांची गणना नको, आणि अर्धा धागा संपायच्या जरा आधी वळलं तर धागा बरोबर पुरतो. फक्त कडेला छोट्या भोकांची नक्षी येते. बारीक सुई घ्या, म्हणजे त्यात बोटं अडकणार नाहीत.

वापरताना धाग्याचा फास बाहेर ओढला गेला. कापू का?

कापू नका, कापला की तिथून भोक पडेल. फासाच्या दोन्ही बाजूंचे टाके आवळलेले दिसतील. बोथट सुईने जवळच्या टाक्यापासून सुरुवात करून जास्तीचा धागा एकेका टाक्यात सरकवत न्या. दहा-बारा टाक्यांत तो मुरतो. थोडा उरलाच तर क्रोशाच्या सुईने मागच्या बाजूला ओढून घ्या. धागा तुटलाच असेल, तर दोन्ही टोकांजवळचे टाके आधी पिनांत अडकवा आणि मग त्याच धाग्याच्या तुकड्याने मूळ टाक्यांच्या वाटेनेच सुई फिरवून ते जोडून घ्या. म्हणूनच उरलेल्या गुंड्यातला दोन-तीन मीटर धागा ब्लँकेटसोबत द्यावा.